स्कूल बसचं घर करताना आधी पाणी अडवा

जुन्या स्कूल बसचं घर करायचं मनात आलं की माणूस पहिल्यांदा वही घेऊन बसतो: पलंग इथे, ओटा तिथे, पडदे असे. ती वही थोडे दिवस कपाटात ठेवा. माझे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला फिटर होते. आम्ही अमेरिकेत बस घेतोय म्हटल्यावर फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "गळते कुठे?" इंजिन नाही, किंमत नाही, गळती. पुढचं सगळं काम मी त्याच प्रश्नाच्या आधारानं केलं आणि इथेही त्याच क्रमानं सांगते. गंज, गळती, वाफेची ओल, टाकीतलं पाणी या चार गोष्टी सांभाळल्या तर बस घर म्हणून टिकते. नाही तर दोन हिवाळ्यांत लाकूड फुगतं, गादीखाली बुरशी येते आणि एवढं मन लावून केलेलं काम परत उखडावं लागतं.

आम्ही न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला राहतो. आमची बस १९९४ची, इंटरनॅशनल कंपनीच्या चासीवरची (चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), पुढे बॉनेट असलेली. इथल्या शाळा ठरावीक वर्षं झाली की बस लिलावात काढतात आणि काही हजार डॉलरमध्ये धावती बस मिळते. बस कुठल्या राज्यात चालली हे आधी विचारा. उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ चासी खाऊन टाकतं. ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा कोरड्या भागातली बस रंगानं उडालेली, सीट फाटलेली असली तरी खालून निरोगी असते. मी चार लाख मैल चाललेली कोरडी बस घेईन, पण कमी चाललेली गंजकी घेणार नाही. इंजिन उतरवून दुरुस्त करता येतं, गंजलेली चासी नाही.

बघायला जाताना एक छोटी हातोडी, टॉर्च आणि जुनी चादर न्या. चादर टाकून बसखाली शिरा. चासीचे दोन लांब बीम, चाकांच्या वरची कमान, चढायच्या पायऱ्यांचा तळ, बॅटरीच्या पेटीखालचा भाग आणि मागच्या आपत्कालीन दाराचा उंबरा, या जागा हातोडीनं हलक्या हातानं ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो. गंजलेला बद्द आवाज देतो आणि पापुद्रे पडतात. वरवरची तांबूस पूड चिंतेची नाही, पापुद्रे सुटत असतील तर परत फिरा.

इंजिनाबद्दल थोडक्यात: इंटरनॅशनलचं डीटी४६६ आणि कमिन्सचं ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हवालं, ही दोन्ही भरवशाची. डीटी४६६चे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली अस्तरं, बदलता येतात, त्यामुळे इंजिन गाडीतच राहून नवं होऊ शकतं. गिअरबॉक्स बहुधा ॲलिसनचा असतो. त्यात एटी५४५ असेल तर त्याला लॉकअप, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला थेट जखडायची सोय, नाही, लांब चढावर तो तापतो. डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी हे नक्की विचारावं. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो: ३५१९ म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी जुना टायर बदलायचाच. सहा टायरचा खर्च बसच्या किमतीत आधीच धरा.

आणि पैसे देण्याआधी विमा कंपन्यांना फोन करा. स्वतः बदल केलेल्या बसला सगळ्या कंपन्या विमा देत नाहीत. बस दारात आल्यावर हे कळून उपयोग नाही.

आता उखडणं. सीट एका बाजूनं भिंतीच्या पट्टीला आणि दुसऱ्या बाजूनं फ्लोअरमधून आरपार बोल्टनं बसवलेल्या असतात. एक जण आत, एक जण गाडीखाली असं करून पाना लावता येतो, पण गंजलेले बोल्ट ग्राइंडरनं कापणंच सोपं. गॉगल, कानाला संरक्षण, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घातल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका. छताचे पत्रे काढताना पहिल्यांदा वाटतं की इतके रिव्हेट आणि स्क्रू कशासाठी. त्याला कारण आहे: १ एप्रिल १९७७पासून अमेरिकेत स्कूल बसच्या सांध्यांची मजबुती आणि उलटल्यावर छतानं भार पेलणं यासाठी केंद्रीय नियम लागू झाले. मुलांच्या जिवासाठी घातलेली ती ताकद आता तुमच्या घराला मिळते आहे. म्हणून बाहेरच्या फासळ्यांना हात लावू नका. उंची कमी पडते म्हणून छत कापून वर उचलणारे बरेच आहेत. ज्याला वेल्डिंगचा आणि बॉडीबांधणीचा खरा अनुभव आहे त्यानं ते करावं, बाकीच्यांनी आधीच सव्वासहा फूट आतली उंची असलेली बस शोधावी.

छताच्या पत्र्याआड पिवळी काचलोकर निघेल. ती हातात घेऊन दाबा. ओलसर, काळपट असेल तर वरून कुठेतरी पाणी येतंय. त्या जागेवर खडूनं खूण करा. फ्लोअरवर रबर, त्याखाली प्लायवूड, त्याखाली लोखंडी पत्रा असा थर असतो. प्लायवूड कितीही चांगलं दिसलं तरी काढा. खिडकीतून झिरपलेलं आणि मुलांच्या बुटांबरोबर वर्षानुवर्षं आलेलं पाणी त्याच्याखाली साचतं, आणि फ्लोअरचा खरा गंज फक्त तिथेच दिसतो.

गंजावर आधी वायर ब्रश, मग फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण. गंज काळा पडून घट्ट होतो. नीट वाळू द्या, पूड पुसून घ्या, प्रायमर आणि वर गंजरोधक रंगाचे दोन हात द्या. आरपार भोक पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करा. वेल्डिंगआधी गाडीच्या बॅटरीची जोडणी सोडायची, आणि इंजिन इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याच्या कंट्रोल युनिटचीही. सीटच्या बोल्टची भोकं बुजवायला इथले लोक एक सेंटची नाणी पॉलीयुरेथेन सीलंटमध्ये बसवतात. स्वस्त आहे आणि टिकतं. आम्ही स्टीलचे आखूड बोल्ट वॉशर लावून घातले, कारण बाबांचा नाण्यांवर विश्वास बसेना.

यानंतर बस धुवायची, आणि हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. आतून उघडी, नुसता पत्रा आणि फासळ्या दिसताहेत, अशा वेळी एकानं बाहेरून पाण्याचा पाइप धरायचा आणि दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. खालून वर या: आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग खिडकीच्या वरची पन्हळ, शेवटी छत. एकेका जागेवर निदान पाच मिनिटं पाणी सोडा. सगळीकडे एकदम मारलंत तर पाणी कुठून आलं ते कळणार नाही, कारण ते फासळीवरून लांब वाहत जाऊन भलतीकडे टपकतं. खडूच्या खुणा करत जा. मग दुरुस्ती, मग परत पाणी. आत एक थेंबही येत नाही असं झाल्याशिवाय इन्सुलेशनचं सामान विकत घेऊसुद्धा नका.

बहुतेक गळती खिडक्यांचीच निघते. खिडकी फ्रेमसकट बाहेर काढा, फटीतला जुना वाळलेला सीलंट खरवडा, नवी ब्युटाइल टेप (फट बुजवणारी चिकट रबरी पट्टी) लावून परत बसवा आणि बाहेरून पॉलीयुरेथेन सीलंटची बारीक रेघ ओढा. बाहेर सिलिकॉन नको: त्यावर रंग धरत नाही आणि पुढच्या वेळी दुसरं काही चिकटतही नाही. सगळ्या खिडक्या ठेवायचा मोह होतो, उजेड सुंदर येतो. पण प्रत्येक खिडकी म्हणजे गळतीची एक शक्यता आणि थंडीत पाझरणारी एक काच. आम्ही ओट्यासमोरची, झोपायच्या जागेची आणि वारा आरपार जाण्यापुरत्या समोरासमोरच्या ठेवल्या, बाकीच्या ठिकाणी पत्रा मारला. छतावरच्या सांध्यांना सीलंट आणि पूर्ण छताला पांढरा रबरी लेप द्या. उन्हाळ्यात त्याचा फरक हात लावून कळतो.

आता आतलं पाणी. हे दिसत नाही म्हणून जास्त लबाड. माणसाचा श्वास, अंघोळ, स्वयंपाक यांची वाफ थंड पत्र्याला लागली की तिचे थेंब होतात. म्हणून इन्सुलेशन पत्र्याला घट्ट चिकटलेलं हवं, मध्ये हवेची फट नको. बंद पेशींचा स्प्रे फोम यासाठी उत्तम. महाग आहे, मारताना आत थांबायचं नाही, पण याच कामावर पैसे घालवा आणि फर्निचरवर वाचवा. लोखंडी फासळ्या थंडी थेट आत आणतात, तेव्हा त्यांच्यावर फोमची पट्टी लावून मगच लाकडी अस्तर ठोका.

आपल्या स्वयंपाकाला वेगळा विचार लागतो. इथल्या बहुतेक बसघरांत पास्ता उकळतो आणि अंडं तळलं जातं. आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, मोहरी-हिंगाची फोडणी आणि मिरचीचा ठसका. शिवाय गॅस स्वतःच पाणी तयार करतो: एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. म्हणून शेगडीच्या अगदी वर, छतात बाहेर हवा फेकणारा १२ व्होल्टचा पंखा बसवा आणि तो चालू असताना बसच्या दुसऱ्या टोकाची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. शेगडी झोपायच्या जागेपासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवा, नाहीतर उशीला फोडणीचा वास कायमचा बसतो. याच कारणानं धुराडं नसलेला गॅस हीटर बसमध्ये आणू नका, तो उबेबरोबर ओलही देतो आणि घातक वायूचा धोका वेगळाच. ज्याचा धूर बाहेर जातो असा डिझेल हीटर घ्या.

प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. सिलिंडरची पेटी आतल्या बाजूनं पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणाऱ्या झरोक्याची हवी. गॅसचा अलार्म जमिनीलगत, धुराचा छताला, कार्बन मोनॉक्साइडचा पलंगाजवळ. आग विझवायचं नळकांडं दाराशी. हे चारही पहिल्या रात्रीच्या मुक्कामाआधी जागेवर पाहिजेत.

पोळ्या लाटायला ओट्याची उंची स्वतःच्या कोपरावरून ठरवा, तयार कपाटावरून नाही. ड्रॉवरला खिट्ट्या लावा. पहिल्याच वळणावर मिसळणाचा डबा जमिनीवर येतो.

विजेचं थोडक्यात आटपते, कारण यावर माहिती भरपूर मिळते. १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत साधारण अडीच युनिट वीज मावते. दिवे, पंखे, छोटा फ्रिज आणि रोज पाच मिनिटं मिक्सर एवढ्याला ती पुरते, इंडक्शनवर रोजचा स्वयंपाक करायला नाही. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा, घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा.

टाकीतलं पाणी वजनाला फसवतं. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो. टाकी दोन्ही चाकांच्या आसांमध्ये, शक्यतो मध्यरेषेवर ठेवा. नळ्या गरम होणाऱ्या भागातून न्या, कारण इथे हिवाळी रात्री पाणी गोठतं आणि फुटलेली नळी सकाळी फ्लोअरभर पसरते. लवचीक पेक्स नळी (एक प्रकारची प्लॅस्टिकची नळी) थोडं गोठणं सोसते. ओट्याखालचं सांडपाणी टाकीत साठवून नेमून दिलेल्या जागीच सोडायचं, रस्त्याकडेला नाही. संडासासाठी मूत्र वेगळं करणारा कोरडा प्रकार घेतला तर पाणी वाचतं आणि वासही कमी येतो. सगळं भरून झालं की ट्रकतळावरच्या वजनकाट्यावर बस न्या आणि प्रत्येक आसावरचं वजन चालकाच्या जागेजवळच्या पाटीशी ताडून बघा.

भारतातून काही जण विचारतात म्हणून सांगते: मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२मुळे नोंदणीतल्या मूळ रचनेत मनासारखा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. शेतात कायमची उभी करायची असेल तर वरचं गळतीचं आणि ओलीचं सगळं तसंच लागू पडतं, कोकणात तर दुपटीनं. चाकांखाली दगडी ओटा बांधा आणि वर स्वतंत्र पत्र्याचं छप्पर घ्या.

इथे बस रस्त्यावर आणण्याआधी तिचं शाळापण काढावं लागतं. लाल चमकणारे दिवे, बाजूला उघडणारी 'थांबा' पाटी आणि 'स्कूल बस' ही अक्षरं जायलाच हवीत. तो पिवळा रंग १९३९मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत ठरला. त्यावरून चालकाला मुलं ओळखू येतात, म्हणून अनेक राज्यांत तो बदलणं सक्तीचं आहे. रंग द्या आणि तो मनापासून द्या, त्या रंगावर मुलांचा हक्क आहे. मग नोंदणी 'मोटरहोम' म्हणून बदलून घ्या. पलंग, शेगडी, पाणी, संडास, वीज यांपैकी काय काय हवं ते प्रत्येक राज्य वेगळं सांगतं, तेव्हा नियम वाचून फोटो काढून ठेवा. बसची भारासह कमाल वजनमर्यादा २६,००० पौंडांच्या वर असेल किंवा ती अजून प्रवासी बस म्हणून नोंदलेली असेल तर व्यावसायिक वाहनचालक परवान्याचा प्रश्न येतो. बस चालवत घरी आणण्याआधी तो सोडवा.

पलंग मागे घेतलात तर मागचं आपत्कालीन दार फळीनं बंद करू नका. त्याची मूठ झोपलेल्या माणसाच्या हाताला अंधारात सापडेल अशी मोकळी ठेवा, आणि घरातल्या लहानांकडून ते दार एकदा उघडून घ्या.