काकांचा सत्कार, पण माईक कोण लावणार?

युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स डिपार्टमेंटमधे पंचवीस-तीस वर्षं ज्यांनी प्रत्येक नाटकाचे लाइट लावले, प्रदर्शनाच्या भिंतीत खिळे ठोकले, त्यांना निरोप द्यायचा म्हटलं की पहिला लोचा हा होतो की तयारीला तेच पुढे येतात. आपण त्यांना काका म्हणू. तर सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि कार्यक्रमाच्या दिवशी काका एरवी काय काय करतात ते लिहून काढा, म्हणजे हॉल उघडणं, मेन स्विच, माईकचे सेल, प्रोजेक्टरची वायर, खुर्च्या, आणि प्रत्येक कामापुढे दुसऱ्या कोणाचं तरी नाव टाका. यादी तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट होणार, आणि तिथेच कळतं की आपण नक्की कोणाचा सत्कार करतोय ते :)

सरप्राइज ठेवू नका हो. हॉलचं बुकिंग बहुतेक त्यांच्याच रजिस्टरमधे असतं, लपणार कुठे? सरळ विचारा, कोणाला बोलवू, स्टेजवर बसायला आवडेल का, कारण आयुष्यभर विंगेत उभं राहिलेल्या माणसाला समोरचा उजेड नकोसा वाटू शकतो, मग पहिल्या रांगेत घरच्यांसोबत बसवलं तरी चालतं.

फोटोंचं काम किमान दोन महिने आधी सुरू करा, यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो. जुन्या विद्यार्थ्यांकडून मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा सांगा, नाहीतर साइज कमी होऊन मोठी प्रिंट धूसर येते. नेहमीच्या साइजचे कागदी फोटो 300 डीपीआयला (स्कॅनरमधलं बारकाव्याचं सेटिंग) स्कॅन केले तर चालतात, लहान असतील तर 600. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे वळ उठतो. भिंतीवर कॉपीच लावा, ओरिजिनल उजेडाने फिके पडतात. फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटीमीटर, म्हणजे डोळ्यांसमोर येतो. मी एकदा अंदाजाने लावलेल्या, काका आले, काही न बोलता टेप काढली आणि सगळ्या चार बोटं खाली घेतल्या. व्हीएचएस कॅसेट सापडली आणि आत पांढुरकी बुरशी दिसली तर प्लेअरमधे घालू नका, डिजिटल करणाऱ्याकडे द्या.

भाषणं. दहा जण पाच-पाच मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं गेली, आणि पाचवर कोणी थांबत नाही. चारच जण ठेवा, त्यात एक पदावरचा, बाकीचे खरंच त्यांच्यासोबत रात्री सेट उभा केलेले. बाकीच्यांना एका वहीत लिहायला सांगा, पण 'तुम्ही ग्रेट आहात' छापाचं नको, एक प्रसंग लिहा म्हणावं. नावाचं स्पेलिंग, जॉइन झाल्याचं वर्ष, पदाचं नाव ऑफिसच्या रेकॉर्डवरून तपासा, मानपत्रावर चूक राहिली तर ती कायमची घरी जाते.

भेटवस्तूबद्दल जास्त डोकं लावू नका, घरच्यांना विचारा, विषय संपला.

एक गोष्ट मात्र कार्यक्रमाआधी कराच, त्यांच्यासोबत दोन दुपारी बसून फोनवर रेकॉर्डिंग. लाइट कमी-जास्त करणारा कोणता डिमर गरम होतो, डीएमएक्सच्या (स्टेजचे लाइट कंट्रोल करायची सिस्टिम) एका लाइनवर 512 चॅनेल असतात त्यातला कोणता नंबर कुठल्या लाइटला दिलाय, कोणत्या कपाटाचं कुलूप उचलून फिरवावं लागतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आधी परवानगी घ्या, आणि मधे गोष्टी निघतील त्या थांबवू नका, वहीपेक्षा भारी ऐवज तोच.

आदल्या दिवशी पूर्ण रिहर्सल, काकांशिवाय. माईकचे नवे सेल, एक जास्तीची वायर, व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे. माईकने शिट्टी मारली की काका उठणारच, म्हणून त्यांच्या शेजारी एखादा दांडगा विद्यार्थी बसवा जो हात धरून म्हणेल, काका बसा, आम्ही बघतो. आणि शेवटी हॉल बंद कोण करणार, चावी कोणाकडे, तेही आजच ठरवा, नाहीतर सगळे फोटो काढून निघून जातील आणि गिफ्टची पिशवी काखेत मारून काकाच एकेक दिवा बंद करताना दिसतील.