युरोपीय संघाच्या निर्बंध यादीत नाव आलं, तर
लक्झेंबर्गमध्ये या खटल्यांच्या फायली लावण्यात माझी अकरा वर्षं गेली. अशील आला की मी आधी एवढंच विचारते: नाव यादीत घातल्याचं पत्र कोणत्या तारखेला हाती पडलं? जनरल कोर्टात, म्हणजे संघाच्या इथल्या न्यायालयात, नाव काढण्याच्या अर्जाला मुदत २ महिने, वर अंतरापोटी १० दिवस. एक दिवस चुकला की खेळ खलास.

लगेच कौन्सिलकडे, म्हणजे निर्बंध लावणाऱ्या सदस्य देशांच्या सरकारांच्या परिषदेकडे, पुराव्याची फाईल मागा. ती बरेचदा बातम्यांची कात्रणं आणि वेबसाइटचे स्क्रीनशॉट एवढीच निघते! प्रत्येक पानाच्या समासात ‘यानं काय सिद्ध होतं?’ असं लिहीत जा. निर्बंध यादीतल्या कादी या सौदी व्यावसायिकाच्या खटल्यातल्या २०१३ च्या निकालानुसार नाव घालण्याच्या कारणांना पुरेसा आधार आहे हे दाखवणं कौन्सिलचं काम. पण एक कारण टिकलं तरी नाव राहू शकतं, म्हणून एकही सोडू नका. नुसतं नातं पुरत नाही: मार्च २०२३ मध्ये वॅग्नर या रशियन भाडोत्री सेनेचा प्रमुख प्रिगोझिन याच्या आईवरचे निर्बंध कोर्टानं याच मुद्द्यावर रद्द केले.

वकिलाची वाजवी फी गोठवलेल्या खात्यातून देता येते, फक्त खातं ज्या देशात आहे तिथल्या प्राधिकरणाची परवानगी आधी काढा. आणि मध्येच निर्बंधांची मुदत वाढवली, तर अर्जात तो नवा निर्णयही घालून घ्या. नाहीतर खटला जिंकाल, नाव मात्र यादीत तसंच.