जड पिकअपचे टायर बदलताना आधी वजन बघा

नवे टायर घेताना बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते. जड पिकअपसाठी पहिला प्रश्न वेगळा आहे: हा टायर वजन पेलेल का?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. त्यावर टायरचा साइज, हवेचा दाब आणि बऱ्याच गाड्यांत प्रत्येक अ‍ॅक्सलची, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्याची, कमाल भारक्षमता असते. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा त्याच अ‍ॅक्सलवरच्या चाकांच्या संख्येने भागा. प्रत्येक टायरची क्षमता त्याहून जास्तच हवी, कारण भार दोन्ही बाजूंना कधीच अगदी सारखा बसत नाही. ही क्षमता टायरवर सांकेतिक आकड्यात असते: १२१/११८ असं लिहिलेलं असेल, तर एकेरी चाकाला १४५० किलो आणि मागे जोडचाकं असतील तर प्रत्येकी १३२० किलो. हा भार पूर्ण दाबालाच पेलतो. ‘लोड रेंज ई’ या जड भाराच्या श्रेणीतल्या टायरमध्ये हा दाब साधारण ८० पीएसआय असतो. हवा कमी असेल तर टायर तापतो आणि भरल्या गाडीखाली फुटू शकतो. साइज तोच आहे म्हणून कारचा टायर कुणी सुचवला, तर सरळ नाही म्हणा.

नक्षीचं म्हणाल तर, बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर जात असेल तर हायवे टायर पुरे. चिखलाचे टायर आवाज करतात, इंधनही जास्त खातात.

पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा.