इलेक्ट्रिक गिटारवर सतारीची झंकार, जुन्या प्लास्टिक कार्डातून

इंदूरला आमच्या गल्लीतल्या गणपतीत सतारीचा एक तुकडा हवा होता. सतार नव्हती, तसा आवाज काढणाऱ्या पेडलला (गिटारला जोडायच्या आवाज बदलणाऱ्या डबीला) पैसे नव्हते. मुदत संपलेलं एटीएम कार्ड मात्र पाकिटात पडून होतं.

१. कार्डाची साधारण ६ सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. चिप आणि काळी पट्टी टाळा.

२. तारा थोड्या सैल करून ती ब्रिजच्या (गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या) अगदी पुढे, तारांखाली आडवी सरकवा. तार तिच्यावर दाबली जायला नको, नुसती घासली पाहिजे. सतारीची जवारी, म्हणजे तिच्या घोडीचा तार घासणारा रुंद माथा, हेच करते. तार 'टक्' करून मेली तर पट्टी जाड आहे, पॉलिशपेपरवर घासून उतरवा. मला चार वेळा घासावी लागली. पाचव्यांदा असा 'झ्यांऽ' निघाला की आई स्वयंपाकघरातून डोकावली.

३. पहिली (सगळ्यात पातळ) आणि सहावी (सगळ्यात जाड) तार ई सुरावरून डी वर उतरवा. डी ला सा माना. चाल पहिल्या तारेवर, मधूनमधून चौथी तार मोकळी छेडा.

४. ब्रिजकडचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक) निवडा, टोनचं बटण पूर्ण उघडा, डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) बंद. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तार ओढूनच घ्या. पातळ तारा, म्हणजे पहिली तार ०.००९ इंच जाडीची असलेला सेट, असल्या तर बोटं वाचतात.

पट्टी बसल्यावर सूर जरा चढतात, म्हणून पुन्हा लावा. तरी बाराव्या पडद्यापुढे बेसूर वाटेलच, तिकडे फिरकू नका. आणि जवारीच्या मोहात सॅडलला (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याला) कानस लावू नका, पट्टी निघते, घासलेलं सॅडल भरून येत नाही.