उन्हाळी इंडस्ट्रियल मॅथ्स प्रोग्रॅमला अर्ज कसा करावा

कंपन्यांचे खरे प्रश्न गणिताने सोडवायला देणाऱ्या या प्रोग्रॅमांचा फॉर्म जानेवारी-फेब्रुवारीत भरायचा असला, तरी कामाला आदल्या जुलैत लागावं लागतं. दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एसवायची, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे धावत येतात, “सर, पंधरा दिवस आहेत, होईल ना?” पंधरा दिवसांत फॉर्म होतो, अर्ज होत नाही. अर्ज म्हणजे काय, ते पुढे सविस्तर लिहितो.

कुठे करायचा

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात इपॅम ही गणिताची संस्था आहे. तिचा रिप्स हा उन्हाळी प्रोग्रॅम २००१ साली सुरू झाला. नऊ आठवडे, साधारण चार विद्यार्थ्यांचा गट, मार्गदर्शनाला एक गणितज्ञ आणि समोर एखाद्या कंपनीने किंवा प्रयोगशाळेने आणलेला खराखुरा प्रश्न. या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या मागे नसतं. कित्येकदा प्रश्नसुद्धा नीट मांडलेला नसतो, तो आपणच मांडून घ्यायचा. रिप्सने परदेशी विद्यार्थी घेतलेले आहेत, तरी त्या त्या वर्षीच्या अटी स्वतः वाचा. मागच्या वर्षीच्या सीनियरच्या भरवशावर राहू नका.

पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या, आरईयू या नावाने चालणाऱ्या अमेरिकन प्रोग्रॅमांपैकी बहुतेकांना तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा असतो आणि त्यातून विद्यावेतन फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच देता येतं. वूस्टर पॉलिटेक्निकचा इंडस्ट्रियल मॅथ्सचा आरईयू नावाजलेला आहे, तोही त्यातलाच. मुलं असे दहा-दहा फॉर्म भरत बसतात. पात्रतेचा परिच्छेद आधी वाचला तर दोन रविवार वाचतील.

सोबत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी प्रोग्रॅम आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमींची समर फेलोशिप यांनाही, पात्रता बघून, अर्ज करा. ते इंडस्ट्रियल मॅथ्सचे नाहीत. पण तिथे कुणीतरी मोठा माणूस तुम्हाला काही आठवडे काम करताना बघतो, आणि सगळं घोडं नेमकं तिथेच अडतं.

शिफारसपत्र: खरी मेहनत इथे

बहुतेक ठिकाणी दोन-तीन पत्रं लागतात. माझा पहिला अर्ज यातच बुडाला. मी वर्गात दुसरा होतो, म्हणून विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी कॉलेजच्या लेटरहेडवर पाच ओळी दिल्या: विद्यार्थी नियमित आहे, कष्टाळू आहे, आज्ञाधारक आहे, वर्तणूक चांगली आहे. खाली सही आणि गोल शिक्का. तो शिक्का बघून मला केवढा आनंद झाला होता! दुसऱ्या सरांना अपलोडची लिंक गेली ती त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि तो ते महिन्यातून एकदा उघडत. त्यांनी लिंक बघितली तोवर मुदत संपून नऊ दिवस झाले होते. सरांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना विचारायला हवं होतं ते मी विचारलंच नव्हतं.

त्या पाच ओळींत खोटं काही नव्हतं. पण निवड करणाऱ्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: हा मुलगा अडला की काय करतो? नऊ आठवड्यांतले सहा आठवडे गट अडलेलाच असतो. आज्ञाधारकपणाचा तिथे उपयोग नाही. तेव्हा तुम्हाला अडताना आणि त्यातून वाट काढताना ज्याने डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याचंच पत्र चालतं. आपल्याकडे वर्गात शंभर-सव्वाशे मुलं असतात, असं पाहण्याची वेळ सरांवर आपण होऊन येत नाही. ती आपण आणायची असते.

कशी, ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीने जुलैत दादर स्टेशनजवळची एक वडापावची गाडी धरली. प्रश्न साधा: रोज पाव किती घ्यावेत? एक पाव उरला तर २ रुपये बुडतात, एक गिऱ्हाईक परत गेलं तर ८ रुपयांचा नफा जातो. ८ भागिले १० (८ अधिक २), म्हणजे ०.८. दहापैकी आठ दिवस पुरतील इतके पाव घ्यायचे. हे गणित कुठल्याही ऑपरेशन्स रिसर्चच्या पुस्तकात आहे. ती तीन आठवडे रोज संध्याकाळी वही घेऊन तिथे उभी राहिली, आकडे घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, उत्तर कमी येतंय. मालक याच्याहून जास्त पाव घेतात आणि तरीही संपतात.”

दोन आठवडे ती त्यात अडकली होती. मग एक दिवस तिनेच शोधून काढलं. ज्या दिवशी साडेसातलाच पाव संपले, त्या दिवशी तिने लिहिला होता तो विक्रीचा आकडा. मागणी त्याहून जास्त होती, परत गेलेली गिऱ्हाइकं वहीत आलीच नव्हती. पुढचे दहा दिवस ती पाव संपल्यावरही थांबली आणि रिकाम्या हाताने वळणारी माणसं मोजली. तिच्या पत्रात मी हेच लिहिलं, तारखांसकट, दीड पान. ‘हुशार’ हा शब्द एकदाही वापरावा लागला नाही.

तुमचा प्रश्न कुठलाही चालेल: बेस्टच्या स्टॉपवरची रांग, सोसायटीच्या टाकीत पाणी सोडण्याच्या वेळा, काकांच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापताना वाया जाणारे तुकडे. तो छोटा हवा, आकडे तुम्ही स्वतः गोळा केलेले हवेत आणि दर पंधरा दिवसांनी तो घेऊन एकाच सरांकडे किंवा मॅडमकडे जायला हवं. न सुटलेल्या अवस्थेतच घेऊन जा. सुटल्यावर दाखवायला गेलात तर त्यांनी पाहिलं काय?

“तूच लिहून आण, मी सही करतो,” असं सर म्हणाले तर? ते मदतीच्या भावनेनेच म्हणतात, त्यांच्यावर कामाचा डोंगर असतो. तरीही लिहून देऊ नका. एक तर ते खरं नाही. शिवाय तुमच्या निवेदनाची आणि त्या पत्राची भाषा एकच निघते, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्याऐवजी एक पान टिपण द्या: कुठलं काम, कधी सुरू केलं, कुठे अडलं, तुम्ही काय केलं, आकड्यांची वही सोबत. म्हणजे सरांना अर्ध्या तासात स्वतःचं पत्र लिहिता येतं.

नोव्हेंबरमध्ये तोंडी विचारा आणि “माझ्याबद्दल चांगलं, सविस्तर पत्र देता येईल का?” असंच विचारा. सर घुटमळले तर आभार मानून दुसरीकडे जा. रोज उघडतात तो ईमेल कुठला, हे विचारून तोच फॉर्ममध्ये टाका. लिंक गेली की त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर कळवा, स्पॅम बघायला सांगा. तीन आठवडे आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशी नम्र आठवण करा. त्याने कुणी रागावत नाही. पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असं फॉर्ममध्ये विचारलं तर ‘हो’ म्हणा. क्लासचे मालक, नगरसेवक आणि तुम्हाला न ओळखणारे प्राचार्य यांच्याकडे जाऊच नका.

निवेदन

एक पान. रामानुजनपासून किंवा ‘लहानपणापासून गणिताची आवड’ इथून सुरुवात करू नका. मी अशी शेकड्यांनी वाचली आहेत आणि त्यातला एकही चेहरा आठवत नाही. पहिल्याच वाक्यात तुमचा प्रश्न मांडा. कुठे चुकलात ते लिहा. पायथॉन किती येतं ते खरं सांगा, दोन ओळींत. गटात काम केलं असेल तर तुमचा वाटा कुठला, ते स्पष्ट लिहा.

बाकीचं

ट्रान्सक्रिप्ट डिसेंबरआधी मागवा. दहापैकीचा सीजीपीआय (ग्रेडची सरासरी) आहे तसाच लिहा, चारच्या मापात स्वतः बदलू नका. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचंही नाव असतं, फॉर्मवर मात्र पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा.

लॉस एंजेलिस हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे असतं. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचा दीड. तरी दोन दिवस आधीच सबमिट करा.

निवड झाली की तिकडून व्हिसाचे कागद येतील, त्यात सांगितलेल्या क्रमानेच जा. मुलाखत मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत होते. आणि एक गोष्ट नक्की विसरली जाते: हे नऊ आठवडे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टपर्यंत असतात, तेव्हा आपलं पाचवं सेमिस्टर सुरू झालेलं असतं आणि ७५ टक्के हजेरी लागते. निवडीचं पत्र हातात पडताच, मेमध्ये कॉलेजला सुट्टी लागण्याआधी, प्राचार्यांकडून रजेची लेखी मंजुरी घ्या आणि तिच्या प्रतीवर ऑफिसची पोच घेऊन ठेवा.