ॲब्सर्ड स्वगत आणि आयत्या वेळचं वादन : रेडिओ कार्यक्रम करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हौशी नाटकवाले आणि भजनी मंडळं भरपूर. ॲब्सर्ड स्वगत, म्हणजे अशक्य गोष्ट खरी असल्यासारखी एकट्यानं सांगत जाणं. ते बोलणारा, पेटीवाला आणि हलगीवाला एका संध्याकाळी सहज जमतात, मोबाइल मध्ये ठेवून तासभर रेकॉर्ड करतात आणि दुसऱ्या दिवशी ऐकून ‘आपलं काम नव्हे’ म्हणून सोडून देतात. काम त्यांचंच असतं. बिघडतं ते ठरावीक जागी.

पहिल्याच वाक्यापासून वेडंवाकडं बोलणं. नव्यांपैकी बहुतेकांची ही चूक. चंद्रानं शर्ट खाल्ला, मासे रडले, भिंत उडून गेली, अशी माळ लागते. तिसऱ्या वाक्यापर्यंत ऐकणाऱ्याला कळतं की इथं काहीही होऊ शकतं, आणि मग कशाचंच काही वाटेनासं होतं. अशक्य गोष्ट एकच ठेवा. बाकीचा तपशील बँकेच्या पासबुकासारखा चोख हवा.

समजा, एका माणसाची सावली लोंढा जंक्शनला गाडीतच राहिली. तो चौकशीच्या खिडकीवर जातो. सावली सकाळची की दुपारची? म्हणजे लांबी किती लिहायची? तिचं तिकीट काढलं होतं का, अर्धं की पूर्ण? अर्ज मराठीत चालेल की कन्नडमध्येच द्यायचा? आणि सापडलीच तर तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं? इथं ऐकणारा हसतो आणि पुढच्या क्षणाला गप्प होतो. ती गप्प होण्याची जागा हाच या प्रकाराचा जीव आहे. भारुड ऐकत वाढलेल्यांना हे नवं नाही: अचाट गोष्ट घरातल्या साध्या वस्तूंची नावं घेत, गंभीर चेहऱ्यानं सांगायची. बोलणारा स्वतः हसला की खेळ संपला.

आयत्या वेळी बोलायचं म्हणजे तयारीच करायची नाही, हा गैरसमज घट्ट बसलेला आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी लिहा: कोण, कुठं, काय हरवलं, काय हवंय आणि शेवटचं वाक्य. शेवटचं वाक्य शब्दशः ठरलेलं हवं, नाहीतर सहा मिनिटांचं स्वगत वीस मिनिटं फिरत राहतं. मधलं सगळं मोकळं सोडा.

बोली पुसून टाकणं. घरात ‘काय करायलैस रे’ म्हणणारा माणूस माइकपुढं बसला की पुस्तकी मराठी सुरू करतो. मग त्याला शब्द सुचत नाहीत, कारण त्या भाषेत तो विचारच करत नाही. बोलता बोलता मध्येच ‘हौद्री’ (कन्नडमधलं ‘होय हो’) आलं तर येऊ द्या, रेकॉर्डिंग थांबवू नका. मात्र बोलीचा उपयोग नुसतं हसवण्यापुरता करू नका. सीमाभागातल्या माणसाचं दुःखही याच बोलीत आहे.

एक खोली, एक माइक, हलगीसकट. या चुकीनं वाया गेलेल्या संध्याकाळी मोजता येणार नाहीत. माडीवरची एक बैठक बघा. बोलणारी बाई समोर, हलगीवाला दोन हातांवर, रेकॉर्डिंगची पातळी तिच्या आवाजाला लावलेली. पहिली अकरा मिनिटं हलगी नुसत्या बोटांवर चालली, सगळं छान. बाराव्या मिनिटाला बाई रंगात आली, हलगीवाल्यानं काडी उचलली आणि पहिल्याच ठोक्याला आवाज फाटला. तो असा फाटला की दुरुस्त करूनही खरखर उरली. पुढं पातळी कमी केली आणि चार मिनिटं अप्रतिम जमली. पण त्यातलं एक चुकलेलं वाक्य काढायचं होतं. वाक्याखाली हलगी वाजत होती, म्हणून कुठंही कापलं तरी ठेका लंगडा व्हायचा. शेवटी ती चारही मिनिटं टाकून द्यावी लागली.

हलगी शेजारच्या खोलीत बसवा, दार वीतभर उघडं ठेवा. तिच्यासाठी वेगळा रेकॉर्डर, तिच्यापासून दीड-दोन मीटरवर. सगळ्यात जोराचा ठोका आधी मारून घ्या आणि तो रेकॉर्डरच्या मीटरवर -१० डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावा (शून्याला आवाज फाटतो). बोलण्याचा माइक तोंडापासून वीतभर, पण थोडा बाजूला कलता, कारण भ, फ, ख, ध या महाप्राणांचा झोत सरळ आला की धप्प आवाज होतो. बोलण्यातला सगळ्यात मोठा आवाज -१२ च्या आसपास पुरे. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. दोन्ही रेकॉर्डिंग जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि शेवटीही एक. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, तासाभरात फरक कानाला कळतो. शेवटच्या टाळीवरून तो सुधारता येतो.

पेटीवाल्याला एकच सूचना द्या: बोलणं चालू असताना उत्तर द्यायचं नाही, विरामात द्यायचं. तेवढ्यानं निम्मं मिक्सिंग वाचतं. तरीही शब्द बुडत असतील तर पेटीच्या ट्रॅकमधून २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे शब्द स्पष्ट होतात त्या पट्ट्यात, इक्वलायझरनं ३ डेसिबल काढा.

‘खाली म्युझिक टाकून देऊ.’ कच्च्या स्वगतावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तंबोरा पसरायचा, हा आळस आहे. संगीत आलं आणि गेलं तरच ते आल्याचं कळतं. सिनेमाची गाणी तर नकोतच. गाणं आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, परवानगी दोन्हींची लागते.

बाकीचं थोडक्यात. पंखा बंद. लॅपटॉपचा चार्जर काढलेला. मोबाइल विमान मोडवर. रेकॉर्डरची आपोआप पातळी बंद, नाहीतर विरामात खोलीचा आवाज फुगत जातो. भिंतींवर दोन-तीन वाकळा टांगा. पत्र्याच्या छपराखाली जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंगचा नाद सोडा, पावसाचा आवाज नंतर धड निघत नाही. सगळे गप्प बसून खोलीची ३० सेकंदं शांतता घ्या. जोड द्यायला तीच लागते.

संकलन करताना विराम कापून ‘वेग’ आणू नका. दोन-तीन सेकंदांची शांतता रेडिओवर भीतिदायक वाटते, पण सावली हरवलेल्या माणसाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतोच. पूर्ण झाल्यावर भारी हेडफोन बाजूला ठेवून मोबाइलच्या स्पीकरवर, कुकर चालू असलेल्या स्वयंपाकघरात एकदा ऐका. एखादा शब्द जरी हरवला तरी संगीत आणखी ३ डेसिबल खाली घ्या आणि पुन्हा ऐका.