वाशी कागद करताना या चुका टाळा

वाशी, म्हणजे जपानी हातकागद, घरी करून पाहणाऱ्यांचा पहिला ताव बहुधा गाठीगाठींचा निघतो आणि दोष साच्याला, म्हणजे ताव धरायच्या जाळीदार चौकटीला, दिला जातो. खरं कारण त्याआधीच्या कामात असतं. सेकिशू, मिनो आणि होसोकावा या तीन प्रकारच्या कागदांच्या ज्या कलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, ती सगळी कोझो या झाडाच्या आंतरसालीवर उभी आहे. कोझोचा तंतू सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो, लाकडाच्या लगद्यातल्या तंतूच्या कितीतरी पट. ही लांबी जपणं हेच कागद करणाऱ्याचं मुख्य काम.

म्हणून मिक्सर नकोच. पाती तंतू कापतात आणि कागद ठिसूळ होतो. शिजलेली साल लाकडी मोगरीने कुटा. तंतू सुटे व्हायला हवेत, तुटायला नकोत. कुटूनही सुटत नसतील तर साल कच्ची राहिली आहे, परत शिजवा. शिजवताना पाण्यात धुण्याचा सोडा पुरतो. कॉस्टिक सोड्याने काम लवकर होतं, पण तंतू कमजोर पडतो. मग भरपूर पाण्यात धुऊन सालीचे काळे कण हाताने वेचा. हे कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर तावावर ठिपके दिसणारच.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो 'नेरी'चा. तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा हा बुळबुळीत रस. झाड आपल्या भेंडीच्याच कुळातलं. पुष्कळजण नेरीला डिंक समजतात आणि कागद मजबूत व्हावा म्हणून ओततात. नेरी चिकटवत नाही. ती तंतूंना पाण्यात तरंगत ठेवते आणि साच्यातून पाणी सावकाश गळू देते, त्यामुळे साचा हलवून पातळ थर एकावर एक चढवता येतात. पाणी झरकन निघून गेलं, गाठी पडल्या, तर नेरी कमी आहे. पाणी साच्यावरच अडून राहिलं तर जास्त. सकाळी नीट चाललेलं काम दुपारी बिघडलं तर उष्णतेने नेरी पातळ झाली असं समजा. जपानात हे काम थंडीत करतात ते यासाठीही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थंड पाणी घ्या, नेरी थोडी थोडी ताजी घाला. तोरोरो-आओई मिळत नसेल तर चिरलेली भेंडी थंड पाण्यात भिजवून, गाळून वापरता येते. उकळू नका.

ओले ताव एकमेकांवर रचले तरी सुटे होतात. मात्र एकदम जड वजन ठेवलं तर ते फुटतात. दाब हळूहळू वाढवा. वाळताना सुरकुत्या पडत असतील तर ओला ताव ब्रशने गुळगुळीत फळीवर सपाट बसवा आणि पुरता वाळेपर्यंत काढू नका.